आधी फोन त्याचा होऊ द्या

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणारे ३६ वर्षांचे आहेत, बायको-मुलीसह नऱ्ह्याला राहतात. साडेतीन वर्षांपूर्वी नवले पुलाजवळ त्यांच्या मोटरसायकलला मागून टेंपोची धडक बसली. गाडी ते चालवत होते, मागे धाकटा भाऊ बसला होता. त्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. भावाच्या मज्जारज्जूला मात्र मानेत, सी-फोर म्हणजे चौथ्या मणक्याच्या पातळीला, इजा झाली. भाऊ आता २८ वर्षांचा आहे. मान, चेहरा आणि आवाज चांगला आहे, खांदे थोडे उचलता येतात, त्याखाली हालचाल नाही. अपघाताआधी तो मार्केट यार्डातल्या एका आडत्याकडे टॅलीवर हिशेब बघायचा. आता तो आणि आई धायरीच्या जुन्या घरी असतात. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही. "सगळं आई करते, फोनसुद्धा तीच धरते आणि तो सांगेल ते टाइप करते," असं पत्रात आहे. मेंदूत चिप बसवून नुसत्या विचाराने कॉम्प्युटर चालवणाऱ्या अमेरिकन तरुणाचा व्हिडिओ त्यांनी पाहिला. मग ओळखीतून एक माणूस भेटला. परदेशातल्या चाचणीत नंबर लावून देतो, नोंदणीचे तीन लाख आणि पुढे पस्तीस-चाळीस लाख लागतील, असं तो म्हणाला. भोर तालुक्यातली वाट्याची जमीन विकायची त्यांची तयारी आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. भावाला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दादा, राहू दे." त्यांचे प्रश्न दोन: जमीन विकू का? आणि उशीर केला तर त्याची संधी जाईल का?

आधी पैशांचं सांगते, कारण त्या माणसाने तुम्हाला महिनाअखेरची मुदत दिली आहे. ते तीन लाख देऊ नका. दिले असतील तर पावती, मेसेज, खात्याचा तपशील जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे जा.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ न्यूरालिंक या कंपनीचा आहे. तिचं यंत्र अजून चाचणीच्या पायरीवर आहे. चाचणीत माणूस कंपनीला मदत करत असतो, स्वतःच्या डोक्याची जोखीम तो पत्करतो. त्यामुळे यंत्र आणि शस्त्रक्रियेचा खर्च चाचणी करणारे करतात. इच्छुकांची नोंदणी कंपनीच्या वेबसाइटवर फुकट होते आणि ती स्वतःच करता येते. मधला माणूस यात बसतच नाही. शिवाय निवड झालेल्या माणसाच्या घरी टीम वर्षानुवर्षं येत-जात असते. ब्रेनगेट नावाची अमेरिकेतली जुनी चाचणी आहे, तिच्यात भाग घेणारा केंद्रापासून साधारण तीन तासांच्या अंतरात राहणारा असावा लागतो. धायरीहून चाळीस लाख घेऊन जायचं आणि चिप बसवून परत यायचं, असं तिथे होत नाही. भारतात अशी चाचणी कोणी करत असेल, तर तिची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असायलाच हवी. २००९ पासून हे बंधनकारक आहे आणि ही नोंदवही इंटरनेटवर सगळ्यांना खुली आहे. कोणी 'चाचणी' म्हणाला की नोंदणी क्रमांक मागायचा. क्रमांक न देता तो वेगळंच काही बोलू लागला, तर तिथेच उठायचं. स्टेमसेलच्या (मूळपेशींच्या) उपचारांच्या नावाने मज्जारज्जूच्या रुग्णांकडून लाखो रुपये उकळणारेही याच वाटेने घरात शिरतात. या सदराला तशी पत्रं दर दोन-चार महिन्यांनी येतात.

आता चिपबद्दल. तुम्ही लिहिता, "ती बसली की तो पुन्हा माणसात येईल." या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. आधी चिप काय करते ते सांगते, मग या वाक्याकडे येते.

तुमच्या भावाच्या मेंदूला काही झालेलं नाही. हात उचलायचा म्हटलं की मेंदूतला हालचालीचा भाग आजही तसाच आदेश काढतो. तो आदेश मानेपाशी अडतो, खाली हातापर्यंत पोचत नाही. चिपचे बारीक इलेक्ट्रोड तो आदेश मेंदूतच ऐकतात आणि कॉम्प्युटर त्याचा अर्थ लावून पडद्यावरचा बाण हलवतो. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, लघवीवरचा ताबा परत येत नाही. मानवी मेंदूत असं यंत्र बसवून बाण हलवण्याची ब्रेनगेटची चाचणी २००४ मध्येच सुरू झाली. त्यात ९६ इलेक्ट्रोडची, चिमटीत मावणारी चकती वापरली होती. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं की हाताने अक्षर गिरवण्याची नुसती कल्पना करूनही मिनिटाला ९० अक्षरं टाइप होतात. चाचणीत भाग घेणाऱ्याच्या वयाच्या निरोगी माणसाचा फोनवरचा वेग ११५ च्या आसपास असतो. हे खरोखर मोठं काम आहे आणि ते वाचताना मला भरून येतं. तुमची आशा खुळी आहे असं मी कधीच म्हणणार नाही.

पण व्हिडिओत न दिसलेला भागही तुम्हाला माहीत हवा. तो तरुण म्हणजे नोलंड आर्बॉ. पाण्यात झालेल्या अपघाताने त्याला तुमच्या भावासारखीच इजा झाली. जानेवारी २०२४ मध्ये न्यूरालिंकची चिप बसवून घेणारा तो पहिला माणूस. केसाहून बारीक ६४ धागे, त्यांवर १०२४ इलेक्ट्रोड. काही आठवड्यांत त्यातले सुमारे ८५ टक्के धागे मेंदूतून मागे सरकले आणि बाण अडखळायला लागला. आपल्याला हे सगळं पुन्हा गमवावं लागणार, या विचाराने तो खचला होता, हे त्याने स्वतः मुलाखतींत सांगितलं आहे. मग इंजिनिअरांनी सॉफ्टवेअर बदललं आणि उरलेल्या धाग्यांवर यंत्र पुन्हा नीट चालू लागलं. म्हणजे गोष्ट चांगल्या वळणावर गेली. पण त्या मधल्या दिवसांत त्याच्या घरी काय वातावरण असेल, याची कल्पना तुमच्याइतकी कोणाला येणार?

कवटी उघडायची म्हणजे रक्तस्राव आणि जंतुसंसर्ग या शक्यता येतातच. सिंक्रॉन या कंपनीने त्यातून वाट काढायचा प्रयत्न केला आहे. ते मानेतल्या शिरेतून जाळी सरकवत मेंदूजवळच्या रक्तवाहिनीत नेतात, कवटीला हात लावत नाहीत. तिथे इलेक्ट्रोड मात्र १६ च, म्हणून कामही मर्यादित. आणि एक भीती शस्त्रक्रियेनंतरची. एका अमेरिकन कंपनीचा अर्गस-२ नावाचा कृत्रिम दृष्टिपटल जगभरात साडेतीनशेहून अधिक अंध माणसांना बसवला होता. पुढे कंपनी आर्थिक अडचणीत आली, तिने ते यंत्र बनवणंच बंद केलं. डोळ्यात यंत्र तसंच, आणि बिघडलं तर फोन करायला कोणी नाही. यंत्र शरीरात बसवायचं तर कंपनी किती वर्षं टिकेल, बॅटरी कोण बदलेल, काढायचं झालं तर कोण काढेल, हे सगळं आधी लेखी हवं.

तुमचा दुसरा प्रश्न उशिराचा. त्याचं उत्तर तुम्हाला थोडी झोप देईल असं वाटतं. नेथन कोपलंड या अमेरिकन माणसाचा अपघात २००४ मधला, इलेक्ट्रोड बसवले २०१५ मध्ये. मध्ये अकरा वर्षं गेली होती, तरी मेंदूतला आदेश जिवंत होता आणि नंतरची कितीतरी वर्षं त्याने ते यंत्र वापरलं. २०१२ मध्ये ब्रेनगेटनेच एका बाईंबद्दल लिहिलं. पक्षाघाताला जवळपास पंधरा वर्षं झाल्यावर त्यांनी मनाच्या आदेशाने यांत्रिक हात हलवून कॉफीची बाटली तोंडाशी आणली आणि स्वतःची स्वतः प्यायल्या. तेव्हा मेंदू वाट बघू शकतो. तुमचा भाऊ ३५ वर्षांचा झाल्यावर ही यंत्रं पुण्यात मिळू लागली, तरी त्याची संधी हुकलेली नसेल.

वाट बघत नाही ते शरीर. बेडसोर चिघळले, लघवीचा संसर्ग वरचेवर होऊन मूत्रपिंडावर आला, खांदे-कोपरं आखडली, तर उद्या कोणतीही चाचणी त्याला घेणार नाही. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणं, गादी, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) स्वच्छता, फिजिओथेरपी, यांवरचा खर्च हीच चिपची तयारी समजा. आणि हे आईंना नक्की सांगा, कारण मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेला माणूस असलेल्या प्रत्येक घरात हे माहीत हवं: त्याचं डोकं अचानक ठणकायला लागलं, चेहरा लाल झाला, मानेवर घाम फुटला, तर त्याला आधी उठवून बसतं करायचं, कॅथेटरची नळी कुठे मुडपली आहे का ते बघायचं आणि लगेच डॉक्टरांना गाठायचं. रक्तदाब झपाट्याने चढत असतो, तो जिवावर बेतू शकतो.

आता त्या वाक्याकडे येते. "तो पुन्हा माणसात येईल."

तुमच्या पत्रातलं माझ्या मनातून न गेलेलं वाक्य दुसरंच आहे, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. फोन आई धरते, तो सांगेल ते टाइप करते. साडेतीन वर्षं! तुमच्या भावाने साडेतीन वर्षांत आईला न कळता एकही मेसेज पाठवलेला नाही. मित्राशी भांडलेला नाही, एखाद्या मुलीला दोन ओळी लिहिलेल्या नाहीत, रात्री दोनला झोप येईना म्हणून काही शोधून वाचलेलं नाही. आईबद्दलची तक्रारही आईच्याच बोटांनी लिहायची. आईंचा यात काडीचा दोष नाही. त्या माउलीने जे उचललं आहे ते कोणी उचलणार नाही. पण चिपकडून तुम्हाला जे हवं आहे ते नेमकं काय, असं मी विचारलं तर बहुधा हेच निघेल: त्याचं त्याला काहीतरी करता यावं. आणि त्यासाठी मेंदूपर्यंत जायची गरज नाही. त्याची मान चालते, ओठ चालतात, भुवया चालतात, आवाज खणखणीत आहे. स्टीफन हॉकिंग यांच्याकडे शेवटच्या वर्षांत गालाचा एक स्नायू उरला होता. चष्म्याला लावलेला सेन्सर गालाची ती हालचाल टिपायचा आणि तेवढ्यावर त्यांचा कॉम्प्युटर चालायचा. त्यांच्या मेंदूत काहीही बसवलेलं नव्हतं.

बऱ्याच वर्षांपूर्वी कसबा पेठेत एका घरी गेले होते. मानेतलीच इजा, मुलगा बावीस-तेवीसचा. त्याच्या वडिलांनी वीतभर लाकडी काडी तासून घेतली होती, दातांत धरायच्या टोकाला मऊ नळी चढवलेली, दुसऱ्या टोकाला टचपेनची रबरी टोपी. पहिल्या दिवशी स्क्रीन ढिम्म हलली नाही, कारण लाकडातून बोटाचा स्पर्श स्क्रीनला कळत नाही. मग आईने स्वयंपाकघरातली पोळ्या गुंडाळायची फॉइल आणली, काडीभोवती टोपीपासून थेट ओठांपर्यंत गुंडाळली, आणि स्क्रीन चालू झाली. फोन पलंगाच्या दांड्याला बांधलेल्या स्टँडवर. मी गेले तेव्हा मुलगा बुद्धिबळ खेळत होता. वडील मला दारापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "काडी मिळाल्यावर पहिलं काम काय केलं माहितेय? पासवर्ड बदलला." सांगताना ते रडत होते आणि हसतही होते.

तुमच्या भावाला काडीचीही गरज लागेलच असं नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत 'स्विच ॲक्सेस' असतं. त्यात फोनचा समोरचा कॅमेरा चेहरा बघतो. भुवया उंचावल्या, तोंड उघडलं, हसलं किंवा बाजूला पाहिलं की फोन ते बटण दाबल्यासारखं धरतो. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर २०२४ पासून नजरेने फोन चालवायची सोय आतच आलेली आहे. मराठीत बोलून टाइप करणं तर गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर कधीपासून आहे, आणि हिशेबवाल्या माणसाची मराठी त्याला चांगली कळते. लॅपटॉपला साधा वेबकॅम लावून मान हलवली की बाण हलेल अशी फुकट सॉफ्टवेअर मिळतात. टॅली तर बरीचशी कीबोर्डवरच चालते. पडद्यावरचा कीबोर्ड मानेने वापरून दिवसाला दहा नोंदी झाल्या, तरी त्या त्याच्या स्वतःच्या असतील. जुन्या आडत्याला एक फोन करून बघायला काय हरकत आहे? पण तो फोन भावाने करायचा.

हे सगळं पहिल्या दिवशी जमत नाही. मान दुखते, उजेड कमी असला की कॅमेरा चुकतो, नको ते बटण दाबलं जातं, चिडचिड होते. दिवसाला वीस मिनिटांपासून सुरुवात करा. शक्यतो ऑक्युपेशनल थेरपिस्टला घरी बोलवा. फोन किती अंतरावर, पाठ किती अंशात, मानेला आधार कुठे, यावर सगळं अवलंबून असतं आणि ते त्यांना कळतं. खडकीला जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. तोंडात ब्रश धरून चित्रं काढणारे जवान तिथे आहेत. ती जागा सैनिकांसाठी असली, तरी इतक्या इजेनंतर दिवस कसा भरतो हे पुण्यातच, तुमच्या घरापासून तासाभरावर घडतंय, हे तुमच्या भावाला कळायला हवं.

ज्यांच्या घरी मोटर न्यूरॉनचा आजार आहे, त्यांच्यासाठी दोन ओळी वेगळ्या लिहाव्या लागतील, कारण तिथे हिशेब उलटा असतो. तिथे आवाज जातो, पुढे चेहराही जातो, आणि वेळ खरोखरच कमी असतो. २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसच्या गटाने असा आजार झालेल्या एका माणसाच्या मेंदूतून शब्द वाचले, तेही जवळपास ९७ टक्के अचूक, आणि आजाराआधीची त्याची रेकॉर्डिंग वापरून कॉम्प्युटरने ते त्याच्याच आवाजात बोलून दाखवले. ती रेकॉर्डिंग नसती तर आवाज परका असता. तेव्हा घरी असा रुग्ण असेल तर आज संध्याकाळी फोनवर त्याला बोलतं करा आणि जपून ठेवा. नातवंडांना मारलेली हाक, गावाकडची गोष्ट, पेपरातली बातमी, काहीही चालेल.

जमिनीचं. ती तुमची आहे, विकायची की नाही हे मी सांगू शकत नाही. पण बायकोला न विचारता विकू नका. कळेल तेव्हा तिला राग जमिनीचा येणार नाही, लपवल्याचा येईल, आणि तो तुमच्या भावाच्या वाट्याला जाईल. विकायचीच झाली तर तिसरा मजला आधी बघा. तुमचा भाऊ शेवटचा खाली कधी उतरला? पत्रावरून वाटतं, हॉस्पिटलात जातानाच, चार माणसांनी खुर्ची उचलून. तळमजल्यावरचं किंवा लिफ्ट असलेलं भाड्याचं घर, हनुवटीने चालवायची विजेवरची खुर्ची, दिवसातून चार तास मदतनीस म्हणजे आईंच्या कंबरेला आराम. चाळीस लाखांच्या फार आत हे बसतं, आणि यासाठी कोणत्याही परदेशी डॉक्टरची मंजुरी लागत नाही. संध्याकाळी सोसायटीच्या गेटपाशी जाऊन येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत बसणं, हे सुद्धा माणसात येणंच आहे.

राहिलं "दादा, राहू दे." तुम्ही त्याचा अर्थ 'तुला त्रास नको' असा लावलात. असेलही तसा. पण 'माझ्या डोक्याला हात लावू नका' असाही असू शकतो. किंवा 'तुझ्या जमिनीवर आयुष्यभर झोपून राहायचं ओझं मला नको' असाही. तुम्हाला विचारायला लागेल, आणि विचारताना चिपचा विषय काढू नका. चिप म्हटली की त्याला फक्त हो किंवा नाही म्हणता येतं. "तुझं तुला एक काम करता आलं असतं, तर पहिलं काय केलं असतंस?" असं विचारा. आई खोलीत नसताना विचारा. उत्तर यायला दोन आठवडे लागले तरी चालतील. सगळं समजून घेऊन पुढे कधी त्यालाच चाचणीत जायचं असेल तर जाऊ दे, तेव्हा तुमची साथ असू द्या. डोकं त्याचं आहे, सही त्याची असायला हवी. अंगठाही उठत नसला तरी तोंडी संमती साक्षीदारांसमोर घेता येते.

आणि गाडी तुम्ही चालवत होतात. पत्रात हे तुम्ही चार वेळा लिहिलं आहे, टेंपोचा उल्लेख एकदाच आहे. मला वाटतं, चाळीस लाख हा आकडा चिपच्या किमतीपेक्षा या गोष्टीतून आला आहे. जमीन विकली की हे फिटेल असं तुम्हाला कुठेतरी वाटतंय. फिटणार नाही, कारण हे तुमचं कर्ज नव्हतंच. पण मी सांगून ते तुमच्या मनातून जाणार नाही. भावाशी कधी या विषयावर बोललात का? "माझ्यामुळे झालं असं मला वाटतं," हे वाक्य त्याच्यासमोर एकदा उच्चारा. तो काय म्हणेल मला माहीत नाही, पण साडेतीन वर्षं तुमच्या चेहऱ्याकडे बघून तो हे ओळखून असणार. बोलणं जमेना तर आधी समुपदेशकाकडे एकटे जा. रात्री झोप लागत नाही असं लिहिलंत, तेही तिथे सांगा.

या रविवारी धायरीला जाताना एक फोन-स्टँड घेऊन जा, लवचिक मानेचा, पलंगाला चिमट्यासारखा लागणारा. आईंना तासभर मंदिरात किंवा शेजारी पाठवा. स्विच ॲक्सेस चालू करा, भुवयांवर लावा, आणि तो चुकेल तेव्हा हात पुढे करू नका. जमायला लागलं की खोलीतून बाहेर या आणि दार लोटून घ्या. त्याचा पहिला मेसेज तुम्हाला येणार नाही, दुसऱ्याच कुणाला जाईल. कुणाला गेला हे विचारू नका.